कुठेही न चालणारं कार्ड

माझ्या तोंडी लागू नये, हे आमच्या बिस्किटाच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातल्या त्या टायवाल्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो हसत हसत पुढे आला आणि फसला.

"मॅडम, गिफ्ट कार्डच हवंय ना? मग हे घ्या," गल्ल्याशेजारच्या स्टँडवरचं एक चकचकीत कार्ड काढून तो म्हणाला. "बँकेचं आहे. कुठेही चालतं. किराणा, कपडे, पेट्रोल, काहीही!"

"मला कुठेही चालणारं नकोच आहे," मी म्हटलं. "फक्त तुमच्या दुकानात चालणारं द्या."

मी मुद्दाम भोक पडलेली बादली मागितल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. पार्लरच्या सामानाचं दुकान ते. भिंतीभर आरसे, काचेच्या कपाटात कात्र्या मांडलेल्या, आणि रांगेत सगळ्या केसांचा धंदा करणाऱ्या बायका. त्यात मी एकटीच डोक्याला कारखान्याची जाळी लावून आलेली. पाळी संपली तशी पळत सुटले होते, जाळी काढायचंसुद्धा भान नव्हतं.

आता त्याला काय सांगणार होते मी? माझी धाकटी बहीण एका पार्लरमध्ये काम करते. केस धुवायचे, झाडून काढायचं, टॉवेल वाळत घालायचे, आणि गर्दी झाली की दुसऱ्या कुणाची तरी कात्री मागून घेऊन केस कापायचे. हात असा, की बायका मालकिणीला सोडून हिच्यासाठी थांबतात. शेवटी मालकीणच म्हणाली, येत्या सोमवारपासून कोपऱ्यातली खुर्ची तुझी, गिऱ्हाइकामागं निम्मा वाटा तुझा. पण कात्र्या आणि ट्रिमर तुझे तू आणायचे. सोमवारी सामान नसेल तर खुर्ची दुसऱ्या मुलीला.

मग धाकटीच्या हातात सरळ पैसेच द्यायचे ना, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्यानं आमचे जावईबापू पाहिलेले नाहीत. आई होती तेव्हा कौतुकानं त्यांना तसं म्हणायची, मी तेच नाव दातओठ खात पुढे चालवते. माणूस पीत नाही, हात उगारत नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. गोड गोड बोलतो. "घरातला पैसा एका हातात असावा," म्हणतो, आणि तो हात ह्याचा! धाकटीचा पगार आला रे आला, की कसल्या ना कसल्या धंद्यात जातो. जुने मोबाइल झाले, पाण्याचे फिल्टर झाले, कुणाच्या तरी टेम्पोत भागीदारी झाली. धंदा बुडतो आणि बापू तरंगतात. तिनं उशीच्या अभ्र्यात पैसे लपवले, सापडले. पिठाच्या डब्यात लपवले, तेही सापडले. मी दिलेला ड्रायर "जरा एका ओळखीच्याला दाखवून आणतो" म्हणून नेला, तो गेला तो गेलाच.

कात्र्या मीच नेऊन दिल्या असत्या. पण केसांची कात्री चपलेसारखी असते, ज्याची त्यानंच घालून पाहावी लागते. अंगठा किती आत जातो, करंगळी कुठे टेकते, सगळं आपल्या हाताच्या मापाचं हवं. दुसऱ्यानं निवडलेल्या कात्रीनं दिवसभर कापलं तर संध्याकाळी हातात ताट धरवत नाही. म्हणून मी डोकं लढवलं. असं काहीतरी द्यायचं, ज्याच्यातून कात्रीच निघेल, दुसरं काहीही निघणार नाही.

माझ्या पगाराला अवकाश होता. क्रेडिट कार्ड होतं, बँकेची पोरं कँटीनमध्ये येऊन गळ्यात मारून गेली होती. आईच्या आजारपणात त्याच कार्डानं मशीनमधून रोख काढली, तर बँकेनं रोख काढल्याची फी वेगळी लावली आणि त्याच दिवसापासून व्याज वेगळं. तेव्हापासून कानाला खडा! ते कार्ड वापरायच्या आधी मी विचारते, भांडते, आणि मगच पर्स उघडते.

"ह्या तुमच्या कुठेही चालणाऱ्याला जास्तीचं काही लागतं का?" मी टायवाल्याला विचारलं.

"फक्त ॲक्टिव्हेशन चार्ज, मॅडम. किरकोळ."

"आणि क्रेडिट कार्डानं घेतलं तर बँक ते खरेदी धरते की रोख?"

त्यानं खांदे उडवले. मी पर्समधून माझं कार्ड काढलं, पाठीमागचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून गल्ल्यावर ठेवला. बँकेचं संगीत सुरू झालं. मागची रांग चुळबुळायला लागली. शाम्पूचे मोठमोठे डबे कवटाळून उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, आटपा ना लवकर! आम्हाला कामं आहेत."

"तुमचं लवकर आटपावं म्हणून भुर्दंड मी का भरू?" मी मागे न बघताच म्हटलं.

फोनवर एक मुलगी आली. बिचारी नीट बोलली. असं सगळीकडे चालणारं कार्ड आमच्याकडे रोखीसारखं धरलं जातं, म्हणाली, फी लागेल, व्याज आजपासून. दुकानाचं स्वतःचं कार्ड दुकानातच घेतलंत तर ती साधी खरेदी, वेळेवर बिल भरलंत तर वर काही नाही. सगळ्या रांगेनं ऐकलं. टायवाल्यानं चकचकीत कार्ड निमूटपणे स्टँडवर लटकवलं आणि ड्रॉवरमधून एक साधं, पांढरं कार्ड काढलं.

पण हार कुठे मानतोय! "क्रेडिट कार्ड आहे म्हणून दोन टक्के वर लागतील."

"कसले?"

"मशीनचे."

"मग तसं पावतीवर छापून द्या."

"ते पावतीवर येत नाही, मॅडम."

"पावतीवर येत नाही, तर माझ्या पर्समधूनही येणार नाही."

"अगं बाई!" शाम्पूवाल्या बाई मागून ओरडल्या. "माझ्याकडूनही घेतलेत की तुम्ही मागच्या वेळेला! तेही पावतीवर नव्हते!" मघाशी मला घाई करणारी बाई आता डबे खाली ठेवून, पदर खोचून माझ्या शेजारी उभी. टायवाल्यानं आत एकदा बघितलं, बाहेर एकदा बघितलं, आणि ठरल्या रकमेवर एक पैसाही न चढवता कार्ड माझ्या हातात दिलं. मी त्याच्या नाकावर टिच्चून बाहेर पडले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तिथून तडक धाकटीच्या पार्लरच्या मागच्या दाराशी गेले. ती ओल्या हातांनी बाहेर आली, कार्ड पाहिलं आणि पायरीवर बसलीच. रडायला लागली की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "भोकाड नंतर पसर. आधी नीट ठेव ते."

"ताई, माझं पहिलं गिऱ्हाईक तू," नाक पुसत ती म्हणाली. "ही वेणी मी कापणार."

हे तिचं लहानपणापासूनचं वेड. माझी वेणी कमरेखाली जाते. कारखान्यात जाळीखाली कोंबते तेव्हा डोक्यावर गाठोडं ठेवल्यासारखं दिसतं. सुपरवायझर कुरकुरला होता, त्याच्याशीही भांडून झालंय. आई अंथरुणाला खिळली तरी माझ्या केसांना तेल तीच लावायची, तिच्या हाताची तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी उरली आहे.

"माझ्या वेणीला हात लावशील तर बघ!" मी म्हटलं. "मी मेल्यावर काप काय कापायचं ते."

ती हसली. चला, हसली तरी.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावरून निरोप आला की तुमचे पाहुणे आलेत. बघते तर जावईबापू! इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर मध, आणि बोटांत माझं पांढरं कार्ड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या पर्समध्येसुद्धा हात घातला मेल्यानं.

"ताई, तुम्ही खूप करता हो आमच्यासाठी," बापू म्हणाले. "ह्याचा पिन तेवढा सांगा ना. दोन-तीन मशीनमध्ये घालून पाहिलं, बाहेरच टाकतंय."

मला जे हसू फुटलं! फाटकाचा गज धरून हसले. "बापू, ते बँकेचं नाही. त्याला पिनही नाही आणि बिनही नाही. त्या एका दुकानात चालतं ते."

"मग ह्यातून पैसे काढायचे कसे?"

"कात्री म्हणून काढायचे. ट्रिमर म्हणून काढायचे. नोटा म्हणून नाही निघत."

मला वाटलं, आता तरी तोंड वाकडं होईल. पण छे! बापू हसले. "असं होय," म्हणाले, आणि कार्ड खिशात घालून शीळ वाजवत गेले. त्यांना हसताना बघून माझ्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "ताई, हे स्वतः घेऊन गेले मला दुकानात! म्हणाले, चल, तुझ्या कात्र्या घेऊ. मी कितीतरी हातात घालून पाहिल्या. एक अशी बसली ना बोटांत, जणू माझ्याचसाठी केलेली. पातळ करायची कात्रीही घेतली, ट्रिमरही घेतला. कार्ड पुरलं बरोबर."

"उघडलंस का सगळं?"

"नाही गं. सोमवारी खुर्चीपाशीच उघडणार. नवीकोरी वस्तू पहिल्या गिऱ्हाइकासमोर उघडायची, आमच्या धंद्यात शुभ मानतात."

माणूस सुधारतो म्हणतात, सुधारला असेल बाबा, असं स्वतःला समजावलं. पण झोपेपर्यंत काही ते पटलं नाही.

रविवारी माझी जादा पाळी होती, दुपारी ती सुटता सुटता पुन्हा फोन. ह्या वेळी ती बोलतच नव्हती, नुसते हुंदके. खोकं कपाटात नव्हतं. पावतीही नव्हती. बापूही नव्हते.

"रडू नकोस!" मी ओरडले. "चप्पल घाल आणि दुकानावर ये. मी निघाले."

कशी पोचले ते माझं मला माहीत. आम्ही दोघी दुकानाच्या दारात एकदमच आलो. आत गल्ल्यापाशी बापू उभे, समोर ते खोकं, सील तसंच. आणि पलीकडे माझा टायवाला.

"साहेब, किती वेळा सांगू?" टायवाला सांगत होता. त्याचा घसा बसला होता. "गिफ्ट कार्डावर घेतलेला माल परत केलात, तर पैसे गिफ्ट कार्डावरच जातात. रोख मिळत नाही. हे बघा, माल घेतला परत, पैसे कार्डावर भरले. झालं."

बापूंच्या हातात पुन्हा तेच पांढरं कार्ड! कार्डाच्या कात्र्या झाल्या आणि कात्र्यांचं पुन्हा कार्ड झालं. पैसा दुकानाच्या दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हता. मला टायवाल्याचा मुका घ्यावासा वाटला. पण बापूंचं डोकं थांबतंय कुठे! ते वळले आणि रांगेतल्या बायकांना म्हणाले, "ताई, पूर्ण भरलेलं कार्ड आहे. तुम्हाला तर इथं येणं-जाणं आहेच. निम्म्या पैशात देतो. रोख द्या आणि घेऊन टाका."

एका बाईनं खरंच पर्स उघडली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एवढी भांडले, फी वाचवली, टक्के वाचवले, आणि हा माणूस निम्म्यात फुंकून टाकणार. मी पुढे झेपावले. पण माझ्या आधी धाकटी पोचली होती.

तिनं बापूंच्या हातातलं कार्ड काढून घेतलं. हिसकावलं नाही, एखाद्या लहान पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं अलगद काढलं. बापू इतके चकित झाले की बोटं मिटायचीच विसरले.

"तेच सामान परत द्या," ती टायवाल्याला म्हणाली. "हेच खोकं."

"अगं, इथं तमाशा कशाला करतेस?" बापू हळू आवाजात म्हणाले. "मी काय माझ्यासाठी करतोय? थोडं भांडवल फिरलं की तुला याच्या दुप्पट आणून देईन. आता चार लोकांत शोभतं का हे?"

टायवाला कार्ड मशीनमधून ओढत होता. बापूंनी मग हसून मान हलवली, तो त्यांचा गोड चेहरा पुन्हा चढवला. "बरं, घे. हौस फिटू दे. खोकं घरीच येणार आहे ना? उद्या सकाळी दुकान उघडलं की मी आहेच."

"अहो साहेब, पुरे आता!" टायवाला वैतागून म्हणाला. "आणि हे शेवटचं. सील तोडलं, वापरलं, तर मी काही परत घेणार नाही, सांगून ठेवतो."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. मी तिला जन्मल्यापासून ओळखते, पण तिचा तो चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता.

"वापरलं म्हणजे काय, दादा?" तिनं विचारलं. "केस कापले तर चालेल?"

"म्हणजे... हो. केस कापले म्हणजे वापरलंच की."

तिनं करंगळीच्या नखानं सील फाडलं. कात्री काढली, अंगठा घातला, एकदा हवेत उघडमीट केली. तो बारीक आवाज सगळ्या दुकानानं ऐकला.

"ताई," ती म्हणाली, "ह्या स्टुलावर बस."

आरशासमोर एक उंच स्टूल होतं. मला सगळं कळलं. हात आपोआप वेणीकडे गेला. तेवढ्या क्षणात आई आठवली, तेलाची वाटी आठवली, तिची थरथरणारी बोटं आठवली. दुसरं कुणी असतं तर मी त्या कात्रीसकट दाराबाहेर हाकललं असतं. धाकटीनं घाई केली नाही. कात्री खाली धरून उभी राहिली. हात अजिबात हलत नव्हता.

मी डोक्याची जाळी काढली आणि स्टुलावर चढले.

"काप," मी म्हटलं. "मी जिवंत आहे तोवरच काप."

"अगं, वेडी झालीस का?" बापूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "ठेव ती खाली! ठेव म्हणतो ना!" ते पुढे आले.

एवढी वर्षं आईच्या शब्दाखातर मी त्या माणसाला अहो-जाहो करत आले होते. ते तिथंच संपलं. "ए, मागं हो!" मी स्टुलावरूनच ओरडले. "हात लावून तर बघ तिला! तुझ्या त्या टेम्पोखाली घालीन तुला!" रांगेतल्या बायका सरकून मधे आल्या. मघाशी पर्स उघडणारी तीच बाई सगळ्यांत पुढे होती, हातात कंगवा.

जाड केस होते माझे, एका झटक्यात थोडेच तुटणार! कर्र कर्र करत कात्री आत गेली, मान हलकी होत होत एकदम मोकळी झाली आणि वेणी माझ्या मांडीवर येऊन पडली. मी ती दोन्ही हातांनी धरली. मग तिनं दुसरी कात्री काढून टोकं पातळ केली. मग ट्रिमरचं खोकं फोडलं, वायर टायवाल्याच्या हातात दिली, "लावा," म्हणाली. त्यानं मुकाट्यानं लावली. मानेवर गार गार फिरलं ते.

"आता घ्या परत," ती बापूंना म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही, आरशातूनच बोलली. "तिन्ही वस्तूंना केस लागलेत."

बापूंनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्यानं मान हलवली. बापूंनी बायकांकडे पाहिलं, तिथंही काही गोड मिळालं नाही. शेवटी म्हणाले, "चल घरी. घरी बोलू."

"मागचे अजून सरळ व्हायचेत," ती म्हणाली. "तुम्हाला थांबायचं तर थांबा, नाहीतर जा. आज मी ताईकडे राहणार आहे आणि उद्या सकाळी तिथूनच खुर्चीवर जाणार."

ते गेले. दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा माझा बांध फुटला. वेणी कवटाळून मी रडायला लागले, हसायलाही लागले, आरशात काय ध्यान दिसत होतं ते विचारू नका.

"केर मी काढतो," टायवाला म्हणाला.

"त्याचा काही जास्तीचा चार्ज?" मी नाक ओढत विचारलं.

"नाही हो, मॅडम!" तो घाईघाईनं म्हणाला, आणि सगळं दुकान हसलं. मीही वळून हसायला गेले, तर धाकटीनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड पुन्हा समोर केलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

आणि मी, जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, हलले नाही.